ब्रँडीत बर्फ

एप्रिलमधला शनिवार, संध्याकाळ. हजर: अक्का, पलंगावर त्यांचे यजमान नाना, आणि मी. काम: साइडकार नावाचं कॉकटेल बनवणं. हा कितवा प्रयत्न, ते अक्कांनी मोजणं सोडलं होतं.

"नाही जमलं," अक्का म्हणाल्या. "बरं, पुढचं."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. जळगावच्या आमच्या कार्यालयात त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. फाइल परत येवो की बढती हुको, एवढंच म्हणून त्या पुढचा कागद ओढायच्या. तुमच्याही कार्यालयात अशी एक बाई असेल. ती रजेवर गेली की मग तिचं काम दिसतं.

नाना तरुणपणी गोव्यात एका हॉटेलच्या बारमध्ये होते. लग्न ठरताना अक्कांची एकच अट होती: घरात बाटली येणार नाही. नाना शिंदखेड्याला परत आले, पुढे जळगावला किराणा दुकान टाकलं. बाटली आली नाही, पण साइडकारची कृती ते जेवताना हमखास सांगत. दोन भाग ब्रँडी, एक भाग संत्र्याचं गोड मद्य, एक भाग लिंबाचा रस. अक्कांना ती आरतीसारखी पाठ झाली होती.

मग नानांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हा अक्कांनी ठरवलं, हे एकदा तरी त्यांना नीट करून पाजायचं. डॉक्टर म्हणाले, "दोन चमचे चालतील."

उन्हाचं निमित्त करून अक्का तोंडाला स्कार्फ बांधून दुकानात गेल्या. "औषधाला हवी आहे," म्हणाल्या.

"सगळे औषधालाच नेतात, मावशी," दुकानदार म्हणाला.

संत्र्याचं मद्य काही मिळालं नाही. त्यांनी संत्र्याच्या साली ब्रँडीत आणि साखरेत घालून लोणच्याच्या बरणीत मुरवल्या. औषधाच्या टोपणाने मोजायचं, कडीच्या डब्यात हलवायचं. शनिवारी मला सुट्टी, म्हणून मी लिंबं पिळायला जायचे. अक्का स्वतः जिभेला थेंब लावत नसत. नाना चमचाभर घेत आणि मान हलवत. नाही.

"बठ्ठं बराबर शे. मंग चुकस कोठे?" सगळं बरोबर आहे, मग चुकतं कुठे. दमल्या की त्यांची अहिराणी बाहेर येई.

त्या शनिवारी नानांचं कपाळ पुसायला पातेल्यात बर्फ ठेवला होता. नानांचा डावा हात पातेल्यात गेला. एक खडा वर आला आणि पेल्यात पडला.

"अहो, सर्दीला देतात ब्रँडी. तिच्यात बर्फ टाकता?"

अक्कांचं हे बोलून झालं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ब्रँडी आम्हाला माहीत होती ती बामाच्या डबीशेजारची, गरम पाण्यातून चमचाभर. नानांनी बर्फ कधी सांगितला नव्हता. त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती.

अक्कांनी पुन्हा मोजलं, डब्यात बर्फ घातला आणि डबा बाहेरून घामेजेपर्यंत हलवला. नानांनी चमचा घेतला, डोळे मिटले, मान खाली-वर केली. अक्का त्या संध्याकाळी पहिल्यांदा खाली बसल्या.

नानांनी बोटांच्या पाठीने पेला त्यांच्याकडे सरकवला.

"मला? आज शनिवार. उपास आहे माझा."

नानांचा हात पेल्यावरून निघेना.

"बरं, उद्या घेते."

रविवारी चादरी धुवायच्या असत, आठवड्याची औषधं लावायची असत. ते उरकलं की अक्कांचा खुर्चीतच डोळा लागे. असे बरेच रविवार गेले. पावसाळ्यात नाना गेले.

"तो रविवार काही आला नाही ग," कार्यालयातल्या शेवटच्या दिवशी त्या टेबलाचा खण रिकामा करताना म्हणाल्या. मग त्या नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. जाताना बरणी माझ्याकडे दिली. "साली गाळून ठेव. मी आले की दोघी घेऊ. नानांच्या नावाने."

फोनवर मी विचारते, कधी येताय? अक्का म्हणतात, "बरं, पुढचं बोल."

साली आता काळपट दिसू लागल्या आहेत. मलमलचा तुकडा धुऊन ठेवला आहे, बाटली उकळून ठेवली आहे. गाळायचं राहिलं आहे.