पहिली ओळ कुणाची

आमचे हे, लक्ष्मीकांत, एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. म्हणजे पोरं ज्या तासाला डुलक्या काढतात, तो विषय. इकडे गुजरातेत, सुभानपुऱ्यात राहायला आल्यावर यांनी सोसायटीत एक प्रथा पाडली. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली घटनेची उद्देशिका वाचायची, एकेका घराने एकेक ओळ. मराठी घर मराठीत, गुजराती घर गुजरातीत.

पंच्याऐंशी साली राखीव जागांवरून गुजरात पेटला आणि आमच्या बावीस घरांचेही दोन तट पडले. पिलाजीरावांच्या मुलाची मेडिकलची जागा थोडक्यात हुकली, शेजारच्या कांचनबेनच्या मुलीला राखीव जागेतून मिळाली. झालं! भिंतीला भिंत असून बोलणं बंद.

"भांडू देत," हे म्हणायचे. "एकमेकांचं तोंड न बघणारे पक्षसुद्धा शपथ एकाच घटनेची घेतात. म्हणून तर एवढा देश टिकलाय. हे दोघं एकदा एका झेंड्याखाली उभे राहू देत."

"कप्पाळ माझं!" मी म्हटलं. ऐकतात कुठे?

जानेवारी आला तसे आठवडाभर दारोदार फिरले. पिलाजीराव अडून बसले: पहिली ओळ मी वाचणार, तरच येईन. यांनी हो म्हटलं. कांचनबेनचीही तीच अट. यांनी तिथेही हो म्हटलं! "एकदा आले की घेतील समजून," म्हणे. जन्मात खोटं न बोललेला माणूस, आणि बोलला तेही असलं पोरकट.

सव्वीसला झाडून सगळी घरं आली. यांचा चेहरा इतका फुलला होता की मलाही वाटलं, जमलं बाई. तेवढ्यात पिलाजीराव पुढे होऊन गरजले, "आम्ही भारताचे लोक..." त्याच वेळी पलीकडून कांचनबेन, "अमे भारतना लोको..." दोघं थांबले. एकमेकांकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"मास्तर, शब्द मला दिला होतात."

"मने पण वचन आप्युं हतुं!"

वर्षभरात ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, ते एवढंच, की मास्तर खोटारडा आहे. दोन्ही तटांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत पटांगण रिकामं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "घटनेचा दोष नाही गं, मीच..." मला यांचा संताप येत होता आणि रडूही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीत दोन झेंडे लागले. यांना एकाही बाजूने बोलावलं नाही.