अण्णांच्या नावावरचं आजारपण

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीचे सचिव होते. रोज सकाळी सेंटरवर बसायचं, प्रत्येकाच्या दुधात डिग्री, म्हणजे दाटपणा मोजायची काचेची नळी, सोडून पाणी घातलंय का ते बघायचं आणि पातळ दूध परत करायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायची सवय त्यांना राहिली नव्हती. दुष्काळाच्या त्या वर्षी गावात टँकर यायचा, निम्मी जनावरं चारा छावणीत होती, तरी दूध पातळ यायचं. "प्यायाला घागर न्हाई, आन् दुधात वताया हाय," असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. लोक त्यांना टरकून असत आणि मनातून चिडूनही.

मी बीडला एका सहकारी बँकेत कारकून होते. शहरातल्या एका पतसंस्थेचं शटर अचानक खाली आलं होतं, त्यामुळे आमच्याकडेही लोक रोज खात्री करायला यायचे. "बाई, आपली बँक तर ठीक हाय ना?" असं विचारायचे आणि मी हो म्हटलं की आणखीच संशयानं बघायचे.

त्यातच अण्णांचा पाय धरला. कंबरेतून निघालेली कळ घोट्यापर्यंत जायची. हाडांच्या डॉक्टरांनी नस दबली आहे, ऑपरेशन करा, असं सांगितलं. अण्णांनी साफ नकार दिला. बसस्टँडजवळच्या आमच्या ओळखीच्या फळवाल्या चाचांचा खांदा सुया टोचून मोकळा झाला होता. त्यांनी हात पार वर उचलून दाखवला. तिथून निघाल्यावर अण्णा मला म्हणाले, "ह्याला कमिशन आसंल."

तरी गेलो. एका खाजगी दवाखान्याच्या माडीवर एक खोली भाड्यानं घेऊन ते अॅक्युपंक्चरवाले डॉक्टर बसत. हळू बोलणारा, परगावचा माणूस. अण्णांनी खाटेवर बसण्याआधीच चौकशी सुरू केली.

"सुई नवी हाय का?"

डॉक्टरांनी त्यांच्यासमोर पाकीट फोडलं.

"सुईतून आत काय जातं?"

"काहीच नाही."

"मंग पैसे कशाचे?"

डॉक्टर हसले नाहीत. "आधी लावून बघा," एवढंच म्हणाले. केसासारख्या बारीक सुया कंबरेत, गुडघ्यामागं, घोट्याजवळ लावल्या. अण्णा सगळा वेळ डोळे उघडे ठेवून त्यांच्या हातांकडे बघत होते.

उपचार बरेच दिवस चालणार होता. बँकेनं आम्हा नोकरदारांचा विमा काढला होता, त्यात आईवडीलही होते आणि हप्ता माझ्या पगारातून कापला जायचा. म्हणून मी खाली दवाखान्याच्या काउंटरवर विचारलं. तिथल्या माणसानं विम्याच्या कार्डाची झेरॉक्स काढून घेतली आणि म्हणाला, "येऊन-जाऊन घेतलेल्या उपचाराला विमा मिळत नाही, मॅडम. भरती व्हावं लागतं." मग आवाज उतरवून पुढं म्हणाला, "काकांना कागदावर चार दिवस भरती दाखवू. सुया फुकटात होतील."

अण्णांनी ऐकलं. "म्हंजे म्या घरी, आन् माझा कागद दवाखान्यात निजणार?"

"सगळेच करतात, काका."

"सगळेच दुधात पाणी घालतेत," अण्णा म्हणाले आणि मला म्हणाले, "चल, आपल्या खिशातून दे."

तेव्हापासून आम्ही रोखीनं पैसे देत गेलो. ओढाताण व्हायची, पण गुण येत होता. अण्णा आधी काठी विसरू लागले, मग मला सोबत न घेता एकटेच एसटीनं येऊ-जाऊ लागले.

आणि एक दिवस मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्या वडिलांच्या नावानं क्लेम आलाय. चार दिवस भरती, सलाईन, औषधं. कंपनीला शंका आहे. त्यांचा माणूस तुमच्या गावात चौकशी करून गेला." ते पुढं म्हणाले, "आधीच लोक धास्तावलेत. त्यात बँकेतल्या बाईनं विमा लाटला असं पसरलं तर?"

संध्याकाळच्या गाडीनं मी गावी गेले. वाटभर एकच विचार डोक्यात होता. अण्णा एकटे जात होते. खर्चाचा ताण माझ्यावर नको म्हणून त्यांनी त्या काउंटरवाल्याला हो तर म्हटलं नसेल? मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण विचार जाईना.

अण्णा ओसरीवर बसले होते. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांग. तू तर सही न्हाई केलीस ना?"

मी उभीच राहिले. "अण्णा, मी तुम्हाला हेच विचारायला आले."

आई आतून बाहेर आली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि पाणी ठेवून गेली. मग अण्णा म्हणाले, "तो माणूस हाटेलावर इचारत हुता म्हणं, मी चार दिवस दवाखान्यात हुतो का. म्या कुठं गेलतो? रोज सेंटरवर बसलोय. गावाला कळलं आन् मला शेवटी. मला कावून इचारलं न्हाई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. काउंटरवाला आधी म्हणाला, चुकून झालं असेल. मी तसं लेखी द्या म्हटल्यावर तो बदलला. "तुमचं काय गेलं? पैसे कंपनीचे." माडीवरच्या डॉक्टरांनी हात जोडले. "मी भाडं देतो आणि सुया लावतो. खालचं मला माहीत नाही." बोलताना ते जमिनीकडे बघत होते. जिना उतरताना अण्णा म्हणाले, "हात खरा हाय. माणसाचं सांगता येत न्हाई."

मी कंपनीला सगळं लिहून कळवलं. क्लेम नामंजूर झाला, माझ्यावर ठपका आला नाही. बँकेतलं तिथं मिटलं, गावात मात्र मिटलं नाही. त्यानंतर अण्णांनी एका बाईचं दूध परत केलं, तेव्हा ती भर रांगेत म्हणाली, "आमच्या दुधात पाणी, आन् तुमच्या आजारपणात काय व्हतं, अण्णा?" लोक हसले. अण्णा घरी येऊन न जेवता पडून राहिले.

मग त्यांनी हट्टच धरला. कंपनीच्या त्या चौकशीवाल्याचा फोन नंबर माझ्याकडून घेतला आणि त्याला सांगितलं, "तुमी ज्या तोंडानं गावात इचारलं, त्याच तोंडानं येऊन सांगा." तो म्हणाला, हे माझ्या कामात बसत नाही. अण्णा रोज फोन करत राहिले. मला वाटलं, कोण येतंय! पण एका सकाळी चौसाळ्याकडे जाता जाता तो खरंच सेंटरवर थांबला. मी सुट्टीनं गावी आले होते आणि सेंटरवर अण्णांसोबत होते. तो तरुण होता, घामेजलेला, अवघडलेला. कॅनच्या रांगेसमोर उभा राहून तो म्हणाला, "क्लेम खोटा होता. पण तो ह्यांनी केला नव्हता. ह्यांच्या मुलीनंच आम्हाला कळवलं." अण्णांनी त्याला चहा पाजला.

तो गेल्यावर रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "ह्यालाबी चारलं आसंल."

अण्णांनी ते ऐकलं. मला वाटलं, आता भडकणार. ते फक्त म्हणाले, "चहा पाजला, तो तुमी बघितलाच," आणि पुढच्या दुधात डिग्री सोडली.

या सगळ्यात सुया बंद पडल्या होत्या आणि कळ परत आली होती. त्या डॉक्टरांनी दवाखाना सोडून गेवराईला एका दुकानावर खोली घेतल्याचं फळवाल्या चाचांकडून कळलं. पकडले जाऊ म्हणून गेले की खालच्या लोकांना कंटाळून, ते आजही मला माहीत नाही. मी म्हटलं, तिथं नको. अण्णा म्हणाले, "ऑपरेशनवाल्यावर तरी माझा कुठं भरवसा हाय?"

गेवराईत डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं आणि क्षणभर घाबरले. अण्णांनी विम्याचं नाव काढू दिलं नाही. पैसे आधी टेबलावर ठेवले, पावती मागितली, सही बघितली. मग पालथे झोपले आणि मला म्हणाले, "भायेर जाऊ नको. हितंच बस, ध्यान ठिव."

मी स्टुलावर बसले. डॉक्टर एकेक सुई लावत होते, माझं लक्ष त्यांच्या बोटांवर होतं. शेवटची सुई लावून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर टँकर हॉर्न वाजवत होता. मी अण्णांना काही विचारायला वाकले, तर त्यांना झोप लागली होती.