मास्तरांची वरणाची बादली

साळवे मास्तर गेल्याचा निरोप मला एसटीच्या कंडक्टरनं आणून दिला. कन्नडहून सकाळी सुटणाऱ्या पहिल्या गाडीचा तो कंडक्टर, मास्तरांचाच विद्यार्थी. औरंगाबादच्या स्टँडवर गाडी लावून, तिकिटांची पेटी तशीच काखेत धरून तो माझ्या दारात आला. "रझियाबाई, मास्तर गेले वो. दुपारी माती हाय. एस्तेरबाई म्हणल्या, रझियाला पैलं सांग." मी दारातच रडायला लागले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यातही "रझियाला पैलं सांग" या शब्दांनी मला बरं वाटलं होतं. मास्तरांची स्वतःची मुलगी सगळ्यांत आधी मला कळवते, केवढा हा मान! आज तेच शब्द आठवले की तोंडातला घास तोंडातच फिरतो.

आधी मास्तरांविषयी सांगते. आठवडाभर ते शाळेत मुख्याध्यापक आणि रविवारी ख्रिस्ती मंडळीच्या देवळात पाळक. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. पाळकपणाचा पगार त्यांनी कधी घेतला नाही. दोन्हीकडं काळा कोट एकच, आणि त्याच्या कोपरांना माझ्या अब्बांनी लावलेली ठिगळं. अब्बांचं कन्नडच्या बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान होतं. पोलीस ॲक्शननंतरचे ते दिवस. अब्बा दुकानाच्या निम्म्या फळ्या लावूनच मशीन चालवायचे, आणि आम्हा पोरींना तर दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. शाळा उर्दूची मराठी झालेली. अशात मास्तर एक दिवस स्वतः आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. त्यांचंही शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतच झालेलं, त्यामुळं अब्बांशी ते त्याच भाषेत बोलायचे. म्हणाले, "बच्ची को मेरे मदरसे भेजो, मियां." अब्बा म्हणाले, "मरेठी में क्या पढिंगी मास्टरसाब, उसकू आती नै." त्यावर मास्तर हसले. "मेरे कू भी पहाडे उर्दू में च आते. दोनों मिल के सीखेंगे." आणि ते खरंच होतं. बायबल मराठीत वाचणारा हा माणूस पाढे मात्र आधी ओठांतल्या ओठांत उर्दूत म्हणायचा आणि मग फळ्याकडं वळून मोठ्यानं मराठीत. आम्हाला वाटायचं, मास्तर प्रत्येक पाढ्याआधी प्रार्थना करतात!

शाळेत माझ्या शेजारी बसायची ती त्यांची मुलगी एस्तेर. मराठी मला शिकवलं ते तिनं. मास्तरांना चाळीस पोरं सांभाळायची होती, तिला एकटी मी. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यातली भाकर अर्धी माझी असायची आणि माझ्या चुका सगळ्या तिच्या. गणितात ती माझ्या पुढं होती, मराठीत तर बोलायलाच नको. तिला शिकवायची नुसती हौस नव्हती, हातोटी होती. कुणाचं कुठं अडलंय ते तिला तोंडाकडं बघूनच कळायचं.

आता मास्तरांच्या घराची एक रीत सांगायला हवी. सुगी झाली की मंडळीचा कापणीचा सण असतो. ज्यानं त्यानं आपल्या रानातलं पहिलं पीक देवळात आणून वाहायचं. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, एखादी ओरडणारी कोंबडीसुद्धा. उपासना झाली की आवारात जेवणाच्या पंगती. जेवायला गाव यायचं, जातधर्म कुणी बघत नसे. अब्बाही आम्हाला घेऊन जायचे. वरण वाढायचं काम मास्तरांचं, ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही. पितळेची मोठी बादली डाव्या हातात, पळी उजव्या. शेवटच्या पानापर्यंत गेले की मागं वळून सगळ्या पंगतीवरून नजर फिरवायचे आणि खड्या आवाजात विचारायचे, "राहिलं का कुणी?" कुणी काही बोललं नाही की मगच त्यांच्या घरच्यांनी बसायचं. पाळकाच्या घरचं ताट शेवटी, हा त्यांचा नेम. तोवर बादलीचा तळ दिसायला लागलेला असायचा. मास्तरीणबाई आणि एस्तेर कोरडी भाकरी ठेच्याशी खायच्या, आणि आम्ही हात धुवून परतताना त्यांच्याकडं बघून म्हणायचो, माणूस असावा तर असा.

हा नेम मास्तरांनी जेवणापुरता ठेवला नाही. आमचं शालेय शिक्षण संपलं त्या वर्षी औरंगाबादच्या अध्यापिका विद्यालयासाठी आमच्या शाळेकडून एका मुलीचं नाव मागवलं होतं. एकाच. मास्तर पुन्हा अब्बांच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मी आत काजं करत होते. मास्तर म्हणाले, "रझिया का नाम भेजा हूं." अब्बांची मशीन थांबली. "और अपनी एस्तेर?" मास्तर या वेळी मराठीत म्हणाले, "आपली पोरगी पाठवली तर उद्या गावाला तोंड काय दाखवू, मियां? तिला मी घरी शिकवीन." अब्बांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले... आणि मी आत सुई टोचल्याचं निमित्त करून रडून घेतलं. आनंदानंच, दुसरं काय. वय होतं तसलं.

पुढचं माझं सगळं त्या पायरीवरून सुरू झालं. मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, शाळा तपासत जिल्हाभर फिरले. एस्तेर कन्नडलाच राहिली. पुढच्या वर्षी मास्तरीणबाई अंथरुणाला खिळल्या आणि तिचं शिकणं जे राहिलं ते राहिलंच. लग्नही झालं नाही. रविवारी देवळात ती पेटी वाजवायची, पोरांना गाणी शिकवायची, आणि बाकीचे दिवस वडलांचं दुखणंखुपणं. मी गेले की गळ्यात पडायची. त्या एका नावाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मला वाटायचं, तिला ठाऊक आहे आणि ती मोठ्या मनानं गप्प आहे. माझ्या भाषणांत तिच्या या मोठ्या मनाचाही उल्लेख असायचा!

हो, भाषणं. ही गोष्ट मी सोयगावात सांगितली, अजिंठ्यात सांगितली, औरंगाबादेत तर किती मेळाव्यांत सांगितली असेल. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसून गेलेलं. अब्बांची मशीन थांबते तिथं मी पाण्याचा घोट घ्यायची. कन्नडमध्ये मात्र ती कधी सांगितली नव्हती, कारण तिथं मास्तर समोर बसलेले असायचे आणि त्यांना स्वतःचं कौतुक ऐकवत नसे.

मास्तरांना माती दिल्यावर पुढच्या रविवारी देवळात शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. मास्तर समोर नव्हते, आणि मी ती गोष्ट सांगितली. अगदी मन लावून सांगितली. बायकांचे पदर डोळ्यांना लागले, मागच्या बाकांवरचे म्हातारे माना हलवू लागले. मी खाली बसले, आणि शेवटच्या गीतासाठी सगळे उभे राहिले. पेटी वाजलीच नाही. एस्तेर पेटीपुढं बसली होती, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, आणि ती माझ्याकडं बघत होती. कुणीतरी तसंच गाणं उचललं आणि लोकांनी ते पेटीवाचून म्हटलं. मला वाटलं, वडलांच्या आठवणीनं तिला भरून आलंय.

माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. "रझिया, माझं नाव गेलंच नव्हतं व्हय?"

मी म्हणाले, "एस्तेर, मला वाटलं तुला..."

"बाबा म्हणले, नावं दोघींची धाडली, पर औंदा तुझं लागलं नाय. मला वाटलं, मीच कमी पडले." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "बाबांना किती लागलं असंल, मुख्याध्यापकाची पोरगी आन् नाव लागलं नाय... म्हणून मी जन्मात त्यांच्याम्होरं विषय काढला नाय."

तिनं पेटीवर कापड घातलं आणि म्हणाली, "चहा घेऊन जा. गाडीला वेळ हाय अजून."

चहा मी घेतला. वडील गेल्यावर तिच्यापाशी उरलं होतं काय? तर वडील. तेवढेच. तेही मी भर सभेत तिच्या हातातून काढून घेतले, आणि वर त्याला श्रद्धांजली म्हटलं. तेव्हापासून मास्तरांचा मला राग येतो. हे लिहायला नको वाटतं, पण येतो. गावात तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून पोरीला अंधारात ठेवणं, याला त्याग कसं म्हणायचं? निदान तिला खरं सांगायचं होतं. भांडली असती, रडली असती, पण आपण नालायक आहोत असं मानत म्हातारी झाली नसती. आणि हा राग आला की लगेच माझी मलाच लाज वाटते. त्यांनी तिचं नाव पाठवलं असतं तर मी अब्बांच्या दुकानात डोळे जाईपर्यंत काजं करत बसले असते. त्यांच्या चुकीचं खाऊन मी मोठी झाले. मग रागावायचा अधिकार मी कुठून आणू?

परवा कापणीचा सण झाला. मास्तरांवाचून पहिलाच. जावं की न जावं अशा विचारात तीन गाड्या सोडल्या, मग चौथीत चढले. आवारात पंगत बसली होती. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी वरणाची बादली एस्तेरच्या हातात दिली होती, दुसऱ्या कुणाच्या देणार? मी पंगतीच्या अगदी टोकाला, भिंतीकडेला बसले. ती वाढत वाढत आली. मलाही वाढलं, पळीभर, सगळ्यांना तितकंच. माझ्याकडं बघितलं की नाही ते मी वर मान करून पाहिलं नाही.

माझं पान शेवटचं होतं. ती तिथंच मागं वळली, आणि सगळी पंगत हात थांबवून बसली. सवयच ती. एस्तेरनं नजर फिरवली आणि बापाच्याच खड्या आवाजात विचारलं, "राहिलं का कुणी?"

कुणी काही बोललं नाही. इतक्या वर्षांत कधी कुणी बोललं नव्हतं. मीही त्या पंगतीत दरसाल बसून गप्पच राहिले होते.

तिनं जरा वाट बघितली. मग भिंतीशी रचलेल्या थाळ्यांतली एक ओढली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली, आणि बादली माझ्यापुढं सरकवली. अजून निम्मी भरलेली होती.

"मी राहिले," ती म्हणाली. "वाढ."

तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मी खरकटा हात पदराला पुसला, उठले, मास्तरांची बादली उचलली. वाढताना थोडं वरण तिच्या साडीवर सांडलं. थाळीत पळीभर पडल्यावर मी थांबले.

एस्तेर मान वर न करता म्हणाली, "आणखी."