आत्याच्या भिंतीवरची पेशी

मी कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करते आणि त्यांची चित्रं काढते. उज्जैनमध्ये हे सांगितलं की लोक आधी इकडेतिकडे बघतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मतलब, ते... तेच?" हो, तेच. महाकाळाच्या गावात राहणारी ही माणसं मरणाला भीत नाहीत म्हणे, पण हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. अमक्या वहिनींना "ते" झालंय, एवढंच बोलायचं. "ते" म्हणजे काय, हे विचारणारा अडाणी.

चित्रांची सवय मला आत्याने लावली. आई आमच्या लहानपणीच गेली. मला आणि दादाला वडिलांच्या या बहिणीने वाढवलं. ती मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची. लग्न तिने केलं नाही. आमच्यामुळे, असं नातेवाईक म्हणायचे, आणि ती त्यांना चहा देऊन वाटेला लावायची. पितृपक्षात माळव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने संझा मांडतात, म्हणजे चंद्र, सूर्य, फूल, पाळणा असं काहीबाही, आणि त्यावर पाकळ्या चिकटवतात. शेवटच्या दिवशी मोठा किलाकोट, म्हणजे भिंतभर किल्ला, करायचा, मग सगळं खरवडून क्षिप्रेत सोडायचं. आमच्या मराठी आळीत संझा मांडणारी आत्या एकटीच. कॉलनीतल्या सगळ्या मुली तिच्याकडे जमायच्या.

संझेच्या आरतीनंतर प्रसाद असतो, पण तो झाकून आणतात. डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय मिळत नाही. आम्ही पोरी बत्तासे, पेढा, काकडी, जे सुचेल ते ओरडायचो. आत्या डबा कानाशी हलवायची, झाकणाचा वास घ्यायची, आणि मग तो घेऊन येणारीच्या तोंडाकडे बघून बरोबर सांगायची. "डब्याला काय विचारायचं? चेहरा सांगतो ना," म्हणायची. ती हरलेली मला आठवत नाही.

पुढे मी शिकायला बाहेर पडले, परदेशात प्रयोगशाळेत राबले आणि परत आले. त्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली मला एक पेशी दिसली. साधी पेशी दुभंगताना आपला ऐवज दोन बाजूंना ओढते, दोन लेकींत वाटणी करावी तशी. ही तीन बाजूंना ओढत होती. कॅन्सरच्या पेशींत असला आचरटपणा चालतो. मी तिचं चित्र केलं: तीन लाल पाकळ्या, मध्ये पिवळी गाठ, भोवती निळे तंतू. आत्याला भेट दिलं तेव्हा ती काय आहे तेही सांगितलं. तिने उज्जैनच्या नानाखेडा भागातल्या आपल्या घरात ते आपल्या पलंगासमोर लावलं. येणारा जाणारा "किती सुंदर फूल" म्हणायचा. आत्या म्हणायची, "फूल नाही, पेशी आहे. बदमाश पेशी. माझ्या भाचीने पकडलीय."

एका वर्षी श्रावणात आत्याच्या छातीत गाठ सापडली. तपासणीचा तुकडा जिथे गेला तिथली डॉक्टर माझ्या ओळखीची होती. तिने मला काचेवरच्या पेशी बघू दिल्या. आयुष्यभर मी परक्या बायकांच्या पेशी बघत आले, त्यांना नावं दिली, रंग दिले. या पेशी आत्याच्या होत्या. मी खुर्चीवर बसून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून पुन्हा पाहिलं, कारण मला त्यातलं कळतं. यावर औषध होतं. गाठ काढून वेळेवर औषध दिलं तर आत्या जगण्याची चांगली शक्यता होती.

हे मी दादाला सांगितलं. दादा बँकेत मॅनेजर, घरात शब्द त्याचा. तो म्हणाला, "तिला पता लागता कामा नये. नावानेच मरेल ती."

गाठ गावातल्या नर्सिंग होममध्ये काढली. आत्याला सांगितलं, चरबीची गाठ होती. ती घरी यायच्या आत दादाने भिंतीवरून माझं चित्र उतरवलं आणि त्या खिळ्याला बँकेचं कॅलेंडर अडकवलं. पलंगावर टेकता टेकता आत्याने भिंतीकडे पाहिलं.

"पेशी कुठे गेली रे?"

"काच फुटली. फ्रेमवाल्याकडे दिलीय," दादा म्हणाला.

आत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. पाणी दे."

तिने चेहरा वाचला, हे मला दिसलं. दादाला काहीच दिसलं नाही.

सर्जनने इंदूरला पुढच्या औषधासाठी जायला सांगितलं होतं. दादा नेईना. पहिली अडचण अशी की त्या हॉस्पिटलच्या फाटकावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला. दुसरं कारण त्याने मला स्वयंपाकघरात दार लोटून सांगितलं.

"त्या औषधाने केस जातात. केस गेले की तिला कळेल ना!"

"आणि औषध नाही दिलं तर ती जाईल."

"तू लेक्चर नको देऊस. गाठ निघाली, बस. उरलेले दिवस खुशीत राहू दे तिला."

एका बाईचे केस वाचवायला तिचा जीव पणाला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याचं तिच्यावर प्रेम होतं, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. रोज सकाळी डाळिंब सोलून तो तिच्या उशाशी ठेवायचा.

गणपतीत महाराष्ट्र मंडळात माझं दरवर्षी भाषण असतं. मोठाली चित्रं दाखवून मी कॅन्सर समजावून सांगते. त्या वर्षी दादा परस्पर कार्यकर्त्यांना भेटला आणि मला म्हणाला, "यंदा दुसरं काही घे. मधमाश्या वगैरे." मी मधमाश्या घेतल्या नाहीत. मंडळाने पत्रिकेवर "पेशींची अद्भुत दुनिया" असं गोड नाव छापलं. मी तो शब्द माइकवर मोठ्याने म्हटला, गाठ लपवू नका, दुखत नसली तरी दाखवा, असं ओरडून सांगितलं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. आत्या तिथे नव्हती. थकवा येईल म्हणून दादाने तिला घरी ठेवलं होतं. सगळ्या गावाला सांगितलं, आणि जिच्यासाठी घसा फोडत होते ती घरी कॅलेंडर बघत पडली होती.

गणपती गेले, पितृपक्ष लागला. जखम भरली होती. औषध सुरू करायची वेळ हीच होती, आणि तीही हातची निघून चालली होती. शेवटच्या दिवशी दुपारी आत्याला सगळं सांगायचंच असं ठरवून मी नानाखेड्याला गेले.

व्हरांड्यात मुली पाकळ्या निवडत होत्या. आत्या डावा हात जपत उजव्याने भिंतीवर किलाकोट मांडत होती. किल्ल्याच्या चार कोपऱ्यांत चंद्र, सूर्य, मोर, शिडी. आणि मधोमध, जिथे संझाबाई, म्हणजे देवी, बसते तिथे, तीन लाल पाकळ्या, मध्ये झेंडूची पिवळी गाठ, भोवती निळ्या चमकीचे तंतू. माझी पेशी. आठवणीतून काढलेली, एक रेघ चुकली नव्हती.

मुली पाणी आणायला गेल्या तशी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हीच ना?"

मी हो म्हटलं. तिला औषधाचं सांगितलं, केसांचं सांगितलं, इंदूरचं सांगितलं.

"केस गेले तर जाऊ देत. मी काय नवरी आहे?" ती म्हणाली. "पण त्याला तोंडाने सांगू दे. माझ्याशी खोटं बोलता बोलता अर्धा झालाय तो. सांगेल, हिंमत होईल तेव्हा."

"तेवढा वेळ नाहीये, आत्या."

"तुला पेशी कळते. मला पोरगा कळतो."

मी ऐकलं नाही. दादा बँकेतून आला तेव्हा त्याला भिंतीसमोर उभं केलं आणि म्हटलं, "हिला सगळं माहीत आहे. हिलाच विचार."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चेहरे वाचून आयुष्यभर जिंकत आलेली ती, हा चेहरा वाचून त्या दिवशी मुद्दाम हरली.

"काय माहीत आहे?" ती म्हणाली. "चरबीची गाठ होती, निघाली. तू पण ना! चल रे, फोटो काढ माझा संझेबरोबर."

दादाला एवढं हायसं वाटलं की तो हसायलाच लागला. त्याने फोटो काढला आणि मला मोबाइल दाखवत म्हणाला, "बघ. हिला काही माहीत असतं तर अशी फुलं काढत बसली असती?" माझं चित्र त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं; मी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी मुलींनी किलाकोट खरवडून टोपलीत भरला आणि क्षिप्रेवर नेला. भिंत आत्याने स्वतः पुसली.

त्यानंतर मी पुष्कळ भांडले, दोघांशीही. दादा दिवाळीनंतर बघू म्हणाला. आत्या तो सांगेल म्हणाली. तिने वाट बघितली आणि त्याने सांगितलं नाही. होळीपर्यंत आजार यकृतात पोचला होता. केस शेवटपर्यंत दाट होते. तिरडीवर तिची वेणी मीच घातली, रागाने करकचून.

मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मागच्या पडद्यावर दादाने तोच फोटो लावला होता: आत्या, हातात पाकळ्यांची ताटली, आणि तिच्या खांद्याशी ती पेशी, माणसाएवढी मोठी. दादा माइकपाशी उभा राहिला. "एका गोष्टीचं समाधान आहे," तो म्हणाला. "शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी "धन्य आहे मुलाची" असंही म्हणालं.

माझ्या शेजारी बसलेल्या काकू पदराने डोळे टिपत माझ्याकडे झुकल्या. "किती सुरेख काढलंय गं. कोणतं फूल आहे ते?"

"फूल नाही, काकू. कॅन्सरची पेशी आहे," मी म्हटलं. माइकवर म्हणते तशी, मोठ्याने.

दादाने मागे वळून फोटोकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिला.