चाळीस बाटल्या चिखल

बेळगावात बसून समुद्रावर संशोधन करते म्हटलं की लोक हसायचे. खडेबाजारातला एक दुकानदार तर मला बघितलं की विचारायचा, "काय बाई, आज भरती का ओहोटी?" पहिल्यांदा मी हसले. नंतर त्या दुकानावरून जायचंच सोडून दिलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पीएच.डी. होऊन वर्ष झालं होतं आणि पुढच्या संशोधनाच्या फेलोशिपवर मी इथल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. माझा समुद्र तिथल्या एका लाकडी कपाटात होता, चाळीस बाटल्यांमध्ये.

काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही. खाडीच्या तळाशी जो काळा चिखल असतो, त्यात हवा नसते. तिथले जंतू हवेवाचून जगतात. समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर ते आपलं भागवतात आणि कुजका पालापाचोळा संपवतात. त्यातून जो वायू निघतो त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पाला किती दिवसांत किती संपतो, एवढंच मला मोजायचं होतं. जानेवारीत मी कारवारकडच्या खाडीत मांडीभर चिखलात उभी राहून तो काढला, आत हवेचा बुडबुडा राहू नये अशा बेतानं बाटल्या भरल्या, रबरी बुचं तारेनं आवळली आणि एसटीनं घाट चढून आणल्या. महिन्यातून एकदा बुचातून सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि तपासायचं. असं पुरं वर्ष. मध्ये एकदा जरी बूच निघालं, हवा आत गेली, की सगळं वाया.

आमचे विभागप्रमुख सर, ज्यांच्या हाताखाली मी होते, त्यांना समुद्र आवडायचा तो छापलेला. चिखलाचा वास त्यांना सहन होत नसे. कपाटाजवळून जाताना रुमाल नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचं हे प्रकरण जरा लांब ठेवता येईल का?" तुमचं! परदेशातल्या परिषदेला निबंध पाठवताना मात्र ते 'आमचं' व्हायचं आणि त्यांचं नाव वर, माझं खाली. त्या माणसाचा मला मनस्वी तिटकारा होता. आजही आहे. वयानं राग निवतो म्हणतात, माझा निवलेला नाही.

प्रयोगशाळेत दुसरा माणूस म्हणजे अण्णा. जवळच्या कंग्राळी गावचा, पन्नाशीचा, घरी थोडा भाजीचा मळा. अकरा वर्षं तो तिथं रोजंदारीवर शिपाई होता आणि दिवाळीनंतर त्याची कायम करण्याची ऑर्डर निघणार होती. कपाट कधी उघडायचं नाही, बाटली हलवायची नाही, हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं. त्यानं परत विचारलं नाही आणि कधी चूकही केली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रयोगशाळेची पूजा व्हायची. आदल्या दिवशी सगळं धुऊन पुसून काढायचं, मग सूक्ष्मदर्शकांना, तराजूंना, भट्टीला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. प्राचार्य आरतीला यायचे. पहिल्या वर्षी मी आरतीला उभी राहिले नाही. आम्ही बौद्ध, घरी असलं काही करत नाही. कुणी काही बोललं नाही, पण सरांनी ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या वर्षी ते आपण होऊन म्हणाले, "तुमच्यात पूजा नसते ना? मग दोन दिवस निपाणीला जाऊन या. दसऱ्याला तुमचा कार्यक्रम असतोच." एवढा चांगुलपणा बघून मला संशय यायला हवा होता. पण आई निपाणीत एकटी होती, तंबाखूच्या वखारीत राबून तिची छाती भरलेली असायची, आणि धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी मी घरी असावं असं तिला फार वाटायचं. मी गेले.

परत आले आणि कपाट उघडलं. चाळीस बाटल्या. स्वच्छ, कोरड्या, पालथ्या घातलेल्या, एका रांगेत. बुचं वेगळी, एका ताटलीत, तीही उकळून काढलेली.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी अण्णाला हाक मारली. हाक कसली, ओरडलेच. तो आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"सायबांनी सांगितलं धू म्हणून. म्या म्हटलं, आक्कांचं हाय, हात लावू नको म्हणाल्यात. तर म्हणाले, प्राचार्य येणार, ही घाण आत्ताच्या आत्ता काढ. मी सांगतोय न्हवं?"

मग तो म्हणाला, "बाकी सगळ्याला कुंकू लावलं. तुमच्या बाटल्यांना न्हाय लावलं. तुमच्यात करत न्हाईत म्हणून."

नऊ महिन्यांचं काम मोरीत ओतताना या माणसानं माझ्या धर्माचा तेवढा मान राखला होता.

मी सरांच्या खोलीत गेले. ते वर्तमानपत्र वाचत होते. "अहो, चिखलच तो," ते म्हणाले. "परत आणा." मी म्हटलं, फेलोशिपची मुदतवाढ नोव्हेंबरात ठरणार, समितीला तोवरचे सगळे आकडे हवेत. ते म्हणाले, "आठ महिन्यांचे आहेत ना तुमच्याकडे? आलेखाची रेघ चांगली सरळ चाललीय. तशीच पुढं ओढा. कोण बघायला येतंय?"

मी ताडकन म्हणाले, "मी खोटे आकडे लिहिणार नाही."

फार अभिमान वाटला मला माझा. घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते.

दोन दिवसांनी सरांनी एक टाइप केलेला कागद समोर ठेवला. प्रयोगशाळेतील रोजंदारी शिपायाच्या निष्काळजीपणामुळे नमुने नष्ट झाले, सबब एक वर्षाची मुदतवाढ मिळावी. इंग्रजीत, अगदी सभ्य भाषेत. खाली माझं नाव, सहीसाठी मोकळी जागा. मी म्हटलं, हे खरं नाही, तुम्ही सांगितलंत. ते शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं असं लिहा हवं तर. मग मुदतवाढीच्या अर्जावर माझी शिफारस कशी येणार, ते तुम्हीच बघा. शिपायाचं काय, त्याला समज देऊन सोडतील."

मी कागद पुढ्यात ओढला. वखारीतली आई डोळ्यांपुढे आणली, आमच्या गल्लीतून इथवर पोचलेली मी पहिलीच, हेही आठवून घेतलं. ही सगळी खरी कारणं होती आणि मी ती एकेक करून कामाला लावली. मग सही केली. जंतूंबद्दल खोटं लिहायला मी नकार दिला होता. माणसाबद्दल लिहिलं.

मुदतवाढ मिळाली. अण्णाला समज देऊन सोडलं नाही. त्याची ऑर्डर निघाली नाही, आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी तेव्हा कारवारला होते, परत चिखल काढत.

थंडीच्या अखेरीस एकदा खडेबाजाराच्या तोंडाशी तो दिसला. पोत्यावर मेथी, मुळे, कोबी मांडून बसला होता. वळून जावं असं वाटलं, पण त्यानं बघितलं होतं. मी जवळ गेले आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. कागद सरांनी केला होता, मी आधी नाही म्हटलं होतं, ते तुला नुसती समज देतील असं म्हणाले होते. तो मेथीवर पाणी शिंपडत ऐकत होता.

"कारकुनानं वाचून दावला मला तो कागद," तो म्हणाला. "सायबांचं नाव न्हाय त्यात कुठं. तुमचंच हाय."

"अण्णा, माझा नाइलाज होता."

"व्हय. माझाबी हुता." त्यानं हात धोतराला पुसले. आवाज चढवला नाही. "म्या सायबांचं ऐकलं, तर माझी नोकरी गेली. तुम्ही ऐकलासा, तर तुमची ऱ्हायली. येवढंच बघा."

एवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडं वळला. मी तिथंच उभी होते, आणि मला राग आला होता. सरांचा नव्हे. त्या गर्दीत, भर दुपारी, माझं काहीही वाकडं न केलेल्या त्या माणसाचा.