टॉमलीनच्या धक्क्यावर जाळलेली पेटी

ऑबिन मनिंग्जच्या डाव्या हाताला आता तीनच बोटं आहेत. कुणी विचारलं तर तो सांगतो, माल उचलायच्या विंचच्या दोरात अडकून गेली. राजधानी नासाऊच्या पोलिसांनाही त्याने तसंच लिहून दिलं. खरं काय घडलं ते 'लेडी मॅथिल्डा' या डाकबोटीवरच्या सहा माणसांनी पाहिलं आणि टॉमलीन बेटावरच्या साऱ्या गावाने धक्क्यावरून पाहिलं. पण त्याबद्दल टॉमलीनमध्ये कुणी अवाक्षर काढत नाही.

ऑबिन टॉमलीनचाच. एकोणिसाव्या वर्षी तो डाकेच्या बोटीवर चढला तो एकतीस वर्षं उतरला नाही. खलाशाचा तांडेल झाला. दर मंगळवारी नासाऊहून निघायचं, सव्वीस तास समुद्र कापायचा आणि बुधवारी दुपारी टॉमलीनला लागायचं. पिठाची पोती, मक्याचा रवा, कांदे, डब्यातलं दूध, गॅसच्या टाक्या, जनरेटरचं डिझेल, लग्नाचे केक, शवपेट्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. ऐंशी माणसांच्या त्या बेटावर एकाही घरात अशी खुर्ची नव्हती जी त्याने उतरवली नव्हती. माणूस अंगाने दांडगा आणि डोक्याने तापट. तरुणपणी मासळीबाजारात एकाची बरगडी मोडली म्हणून दोन महिने तुरुंगात बसून आला होता. त्यानंतर हात आवरायला शिकला, निदान तसं त्याला वाटायचं.

बाप बुडाला तेव्हा धाकटा भाऊ रेफील्ड आठ वर्षांचा होता. ऑबिननेच त्याला वाढवलं. रेफील्ड मोठा होऊन शेवंडी पकडणारा पाणबुड्या झाला. भाल्याचा त्याचा नेम असा, की रबर ताणून सोडला की खडकाच्या फटीतला मासा आरपार. त्याची बायको ज्युनेल शाळेत शिकवायची. तिला साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिनची सुई लागायची. बेटावरचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक नर्स. म्हणून दर महिन्याला थर्माकोलच्या पांढऱ्या पेटीत बर्फ घालून तिचं औषध ऑबिन स्वतः आणायचा. बोटीवरची स्वयंपाकीण मिस ऑर्लीन ती पेटी आपल्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या कुणाला फ्रिजला हात लावू द्यायची नाही.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये साथीमुळे सगळी बंदरं बंद झाली. 'लेडी मॅथिल्डा' सात आठवडे धक्क्याला बांधून पडली. टॉमलीनची धावपट्टी तीन वर्षांपूर्वीच्या वादळात उखडली होती, ती तशीच होती. नर्स रजेवर नासाऊला आली होती, ती तिथेच अडकली. वायरलेसवर ज्युनेल म्हणायची, अजून आहे औषध, पुरवून पुरवून वापरतेय. ऑबिन रोज बंदराच्या कचेरीत जाऊन परवानगीबद्दल विचारायचा आणि रोज तेच उत्तर घेऊन परतायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात परवानगी आली. माल क्रेनने धक्क्यावर ठेवायचा, खलाशाने बेटाला पाय लावायचा नाही, उतारू एकही घ्यायचा नाही. पण नासाऊत अडकलेली बेटांवरची शे-दीडशे माणसं त्या दिवशी धक्क्यावर जमली होती. फळी टाकली तशी ती लोटली. पोलिसांनी काठ्या चालवल्या. एका बाईचं कपाळ फुटलं, एक म्हातारा पोत्यांवर पडला आणि उठलाच नाही, त्याला तसाच उचलून नेला. फळीवर चढलेल्या एका ओळखीच्या माणसाला ऑबिनने दोन्ही हातांनी ढकलून पाण्यात पाडलं. बोट सुटली तेव्हा तो माणूस पाण्यातून ऑबिनला आईवरून शिव्या देत होता. ऑबिन त्याच्याकडे न बघता दोर गुंडाळत राहिला.

टॉमलीनला पोचले तर धक्क्यावर अख्खं गाव उभं. त्या सकाळीच रेडिओवर बातमी होती, की दुसऱ्या एका डाकबोटीवरचा खलाशी आजाराने मेला. गावचं दुकान चालवणारे आणि चर्चचे कारभारी म्हणजे डीकन असलेले एल्काना यांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, की आजार आला तर तो बोटीवरूनच येणार. तोवर बेटावर तांदूळ होता, मासे होते. भुकेपेक्षा भीती मोठी होती. बायकांनी ओच्यात शंख भरून आणले होते, मांस काढून टाकलेले, दगडासारखे जड. पुरुषांच्या हातात भाले होते.

पहिला शंख सुकाणूच्या खोलीची काच फोडून आत गेला. मग पाऊस पडावा तसे शंख पडायला लागले. एका खलाशाचे दात गेले. कप्तान टेल्फोर्ड भोंगा वाजवत राहिले, त्या आवाजात कुणाला कुणाचं काही ऐकू येईना. ऑबिन पेटी घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर गेला. धक्क्याच्या अगदी टोकाला, पंधरा हातांवर, रेफील्ड उभा होता. ऑबिन ओरडला, "ज्युनेलचं औषध आहे. फक्त एवढं घे, आम्ही परत जातो." रेफील्डने मान वर केली. ऑबिनने पेटी फेकली, ती धक्क्यावर नीट पडली. तेवढ्यात गर्दीतून सुटलेला एक भाला ऑबिनच्या मांडीत घुसला आणि तो डेकवर कोसळला.

कठड्याच्या फटीतून त्याला पुढचं दिसलं. कुणीतरी ओरडलं, जाळा ती. एकाने पेट्रोलचा डबा आणला, बेटावर शेवटच्या उरलेल्यांतला. पेटीवर पेट्रोल ओतलं. काडी रेफील्डने ओढली.

बोट परतली. मिस ऑर्लीनने भाला कापून बाहेर काढला, जखमेत रम ओतली आणि ऑबिनच्या तोंडात टॉवेल कोंबला. तो कण्हला नाही. भाऊ असं का वागला हेच त्याला उमगेना. ऐकू आलं नसेल, असं तो स्वतःला सांगत राहिला.

त्यानंतर साडेतीन आठवडे वारा असा सुटला की दक्षिणेकडे कुठलीच नौका जाईना. टॉमलीनहून वायरलेसवर निरोप येत राहिले, आधी डीकनच्या नेहमीच्या ठाम आवाजात, मग त्यांच्याच रडक्या आवाजात. डिझेल संपलं, जनरेटर बंद, फ्रीजरमधली मासळी सडली, पीठ संपलं. ज्युनेलचं औषध तर कधीच संपलं होतं. शेजारच्या बेटावर जायला रेफील्डकडे पेट्रोल नव्हतं. तरी तो वल्ही घेऊन निघाला, आणि लाटांनी त्याची होडी उलटवून त्याला प्रवाळावर फेकला. औषध संपल्यापासून चौथ्या दिवशी ज्युनेल शुद्धीवर राहिली नाही. सहाव्या दिवशी तिला चर्चमागे पुरलं.

'लेडी मॅथिल्डा' पुन्हा टॉमलीनला लागली तेव्हा तिला पुरून आठ दिवस झाले होते. या खेपेला कुणी शंख मारला नाही. माणसं गप्प उभी होती, गालफडं बसलेली. पण भाले हातात होतेच. डीकनने धक्क्यावर चुन्याची रेघ मारून ठेवली होती. माल रेघेपलीकडे ठेवायचा, बोटीवरच्या कुणी इकडे यायचं नाही, इथल्या कुणी तिकडे जायचं नाही. मालाची पहिली जाळी उतरली आणि पोत्यांवर झुंबड उडाली. दोघी सख्ख्या जावांनी एकमेकींचे केस धरून एकमेकींना पिठात लोळवलं. एका माणसाचा पाय गॅसच्या टाकीखाली चिरडला, तरी त्याच्या अंगावरून लोक जात होते.

ऑबिन विंचवर होता. पलीकडच्या, समुद्राकडच्या बाजूने रेफील्ड होडीतून कधी आला आणि कठड्यावरून कधी चढला ते त्याला कळलं नाही. कोयता दिसला तेव्हा त्याने डावा हात वर केला. दोन बोटं डेकवर पडली. दुसरा वार खांद्यावर ओझरता बसला. मग ऑबिनच्या हाताला पहार लागली.

पुढचं त्याला आजही तुकड्यातुकड्यांत आठवतं. पहिल्या फटक्यात रेफील्डच्या दंडाचं हाड मोडल्याचा आवाज आला, कोयता पडला. तिथे थांबता आलं असतं. तो थांबला नाही. दुसरा बरगड्यांवर, तिसरा गुडघ्यावर. खाली पडलेल्या भावाच्या छातीवर बसून पहार दोन्ही हातांनी वर उचलली, तेव्हा मिस ऑर्लीनने उकळत्या पाण्याचं पातेलं त्याच्या पाठीवर ओतलं. पहार हातातून सुटली. कप्तान आणि दोघा खलाशांनी त्याला ओढून बाजूला केलं.

रेफील्ड सरपटत कठड्याशी गेला आणि धक्क्याच्या बाजूला पाण्यात पडला. एका हाताने पोहत पायऱ्यांपाशी पोचला. वर डीकन एल्काना उभे होते.

"तू बोटीवर गेलास," ते म्हणाले. "तुला आता वर घेता येणार नाही."

"डीकन, हात मोडलाय माझा."

"तुझी बायको आम्ही सगळ्यांनी मिळून पुरली, बाळा. आता तू आम्हाला सगळ्यांना पुरायला लावू नकोस."

रेफील्डने पायरीला धरलं. कुणीतरी वल्ह्याने त्याच्या बोटांवर मारलं. त्याने पुन्हा धरलं. मग दगड आला, डोक्यावर बसला, आणि पाणी लाल झालं. त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले लोक होते ते. एकजण रडत रडत वल्हं मारत होता.

ऑबिनने विंचचा दांडा ओढला. पिठाची पोती उतरवायची जाळी त्याने रिकामीच पाण्यात सोडली, स्वतः मागोमाग उडी टाकली, बुडणाऱ्या भावाला जाळीत कोंबलं आणि कप्तानाला हात केला. मालासारखा लटकत, पाणी आणि रक्त गाळत रेफील्ड वर गेला. धक्क्यावरचे लोक बघत राहिले. उरलेली पोती उतरवून बोट नासाऊकडे वळली.

मिस ऑर्लीनने शीड शिवायच्या सुईने दोघांना टाके घातले, आधी धाकट्याला. "तुमच्या आईला मी ओळखत होते," ती ऑबिनला म्हणाली. "ती असती तर तिने पाणी आणखी कढत ओतलं असतं." पाठ भाजली होती, हात बांधला होता. ऑबिन पालथा पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेफील्डला शुद्ध आली. त्याचे पाय दोराने बांधले होते. ऑबिन समोर बसून त्याला चमच्याने पेज भरवत होता. तीन-चार चमचे त्याने मुकाट्याने खाल्ले.

मग म्हणाला, "दादा, मला ऐकू आलं होतं."

ऑबिनने चमचा खाली ठेवला.

"तू औषध म्हणालास ते बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. तिच्याकडे बारा दिवसांचं होतं. मला वाटलं, तोवर दुसरी खेप येईल. आणि त्या पेटीवर जर आजार असला, तर पहिली तीच मरेल. नर्सनेच वायरलेसवर सांगितलं होतं, साखरवाल्यांना तो सोडत नाही म्हणून. गावाला वाटतं, पेटीत काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी ऐकलं होतं हे फक्त तुला माहीत होतं."

"म्हणून कोयता घेऊन आलास?"

"हो."

ऑबिन उठून बाहेर गेला. पुष्कळ वेळ तिथेच उभा राहिला. मग आत आला, पेज गार झाली होती ती मिस ऑर्लीनकडून गरम करून घेतली, आणि उरलेली त्याला भरवली. पायांचा दोर सोडला. त्या गोष्टीवर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

नासाऊला चौदा दिवस बोट बंदरात नांगरून ठेवली. रेफील्डचा हात मोडला होता, ऑबिनचा कुजायच्या बेतात आला होता. डॉक्टर छोट्या बोटीतून यायचे, दुरून बघायचे, औषध दोरीला बांधून वर पाठवायचे. आजार कुणालाच झाला नाही. ज्याच्यासाठी एवढं रक्त सांडलं तो त्या बोटीवर कधी नव्हताच. ऑबिनला हे कळलं तेव्हा तो हसला, आणि हसताना पाठीची भाजलेली कातडी फाटली.

डिसेंबरात बंदी उठली. रेफील्डला कबर बघायची होती. ऑबिन त्याच्याबरोबर धक्क्यावर उतरला, लंगडत. दोघांची मिळून दीड माणसाएवढीही ताकद उरली नव्हती म्हणा ना. गावाने वाट दिली. चर्चपाशी डीकन पुढे आले, टोपी काढली आणि म्हणाले, देवाने तिला बोलावून घेतलं, रेफील्ड, आपल्या हातात काही नव्हतं.

ऑबिनने उजव्या हाताचा एक ठोसा मारला. सत्तर वर्षांचे डीकन कुंपणावर जाऊन पडले आणि तोंडातून रक्ताबरोबर दोन दात बाहेर आले. कुणी मध्ये पडलं नाही. म्हाताऱ्याने रुमालाने तोंड पुसलं, दात मातीतून वेचले आणि खिशात टाकले. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या किती सैल झाल्या होत्या, मनगटं किती काटकुळी झाली होती, ते ऑबिनला तेव्हा दिसलं. उपाशी तेही राहिले होते.

रेफील्ड कबरीपाशी तासभर बसला. तोवर ऑबिनने माल उतरवला. डीकनच्या दुकानाचा वाटा अकरा पोती होता. नेहमी दुकानातला गडी ती ओढगाडीने न्यायचा. त्या दिवशी ऑबिनने गड्याला घरी पाठवलं आणि एकेक पोतं स्वतःच्या भाजलेल्या पाठीवर घेऊन चढाव चढला, अकरा वेळा. डीकन दाराशी बसले होते. सुजलेल्या तोंडाने त्यांनी शेवटच्या खेपेला पाणी विचारलं. ऑबिनने घेतलं, उभ्याउभ्या प्यायला, भांडं खाली ठेवलं आणि बोटीकडे निघाला.