मोठे बाबांनी मासे बाजूनं पाहिले

लकव्यानं मोठे बाबांची वाचा गेली होती.
काही माशांनी एका माशाची शेपटी कुरतडली, तेव्हा वाचा परत आली.

खोटं वाटेल. पण मी समोर होतो.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. इथं हैदराबादला साइटवर सुट्टी नाही, म्हणून फोनवरच लिहून राहिलो. शाळा कमी झाली आहे आपली, चुकलं तर सांभाळून घ्या.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. आम्ही ढीवर. लाखनीजवळ आमचं गाव. गावच्या तलावात त्यांनी उभी जिंदगी जाळं टाकलं.

मग एका सकाळी डोंग्यात वल्हं मारतानाच उजवा हात लुळा पडला, पाय पडला, जीभ पडली.

डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, प्रयत्न केला तर वाचा येईल.
मोठे बाबांनी प्रयत्नच केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. खाणंही कमी केलं.

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, चिडायची, "त्या भिंतीत सोनं गाडलं हाय का? माह्याशी बोला ना जराक!"
मग चुलीपाशी जाऊन रडायची.

मी सुट्टीवर आलो होतो. मला एका जागी बसवत नाही, हे ओळखीच्यांना माहीत आहे. सुरत सोडलं, पुणे सोडलं. त्या खाटेपाशी तर जीवच घुसमटायचा. बाइक काढली, लाखनीला गेलो. हायवेवरच्या एका दुकानात काचेची लहान पेटी दिसली. आत मासे फिरत होते.

डोक्यात आलं, हे तलावावर जाऊ शकत नाहीत ना? तर तलावच खाटेपाशी नेऊ.

सवयीनं विचारलं, "किलोनं देता का नगानं?"
दुकानदार इतका हसला की चहा सांडला.

मासे निवडायची आमच्या घरची शिकवण एकच. जो जास्त फडफडते तो ताजा, तोच घ्या. मी तेच केलं. पट्ट्यापट्ट्याचे टायगर बार्ब घेतले, पेटीभर धावून राहिले होते. आणि एक निळा फायटर, लांब शेपटीचा, दिसायला भारी म्हणून.

दुकानदार म्हणे, "हे संगं नाही जमत भाऊ. त्याची शेपटी खातीन ते."
मी म्हटलं, "आमी ढीवर आहो. आमाले मच्छी शिकवता का?"

मोठे बाबा ज्या भिंतीकडे पाहायचे, तिलाच टेकवून पेटी ठेवली. पाणी भरलं, मासे सोडले, लाइट लावला.

ते पाहतच राहिले.

मग मला समजलं. या माणसानं मासा जाळ्यात पाहिला, टोपल्यात पाहिला, कढईत पाहिला. तलावाचं पाणी गढूळ. वरून दिसली तर काळी पाठ दिसते, बस. जिता मासा पाण्यात बाजूनं कसा दिसतो, कसा थांबतो, उभ्या जागी पंख कसे हलवतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आमच्या घरात कोणीच पाहिलं नव्हतं. आजोबा-पणजोबांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी बार्ब फायटरच्या मागं लागले. तो कोपऱ्यात गेला, तिथंही सोडलं नाही. शेपटीच्या चिंध्या झाल्या.

खाटेवरून घोगरा आवाज आला.
"का... ढ."

मोठी आई दारातून ओरडली, "कोन बोललं?"

"त्याइले... काढ."

मोठी आई मटकन खाली बसली. "बोलले वो! माह्यासाठी नाही बोलले, मच्छीसाठी बोलले!" हसत होती का रडत होती, काही समजेना.

पोत्यानं मासे मारलेला माणूस. त्याला एक मासा छळलेला पाहवला नाही.

बार्ब परत केले. दुकानदार नुसता हसला, बदलून दिले. त्यापुढची निवड मोठे बाबांची, मी दुकानातले फोटो फोनवर दाखवायचो.

निऑन टेट्रा आले. थव्यानं राहतात, मधल्या पाण्यात. मोठे बाबा ताट बाजूला सारून पाहायचे, कोण कोणाच्या वाटेत जाते. फायटर वर, हे मधात. पटलं म्हणजे मान हलवायचे.

तळाला पडलेला दाणा मात्र कोणी खाईना. एकदम म्हणाले, "मिशी."
मोठ्या आईनं न्हाव्याला बोलावलं.
त्यांनी डाव्या हातानं कपाळ बडवलं. "मिशी... वाला... मासा! खाली राह्यते. कोनाच्या अध्यात ना मध्यात."
दुकानात त्याला कोरी म्हणतात. त्याही आणल्या, चार-पाच.

मी गमतीनं विचारलं, "मी कोन्ता मासा, मोठे बाबा?"
"मधला. थांबतच... नाही."

मोठी आई म्हणे, "आता मच्छी खानं सोडता का?"
"खाईन. तलावातली."

मी हैदराबादला आलो. रोज एक-दोन शब्द वाढत गेले. एक दिवस त्यांनीच मोठ्या आईला व्हिडिओ कॉल लावायला लावला. मी स्लॅबवर होतो. काचेवर बारीक पांढरे दाणे चिकटलेले दिसले. कोरीनं अंडी घातली होती.

"पोटातले अंडे... लय खाल्ले रे बाबू. घालतानी नोतं पाह्यलं कधी. पखात धरून आनते... एक एक... अन् काचेले चिकटवते. कोनी शिकवलं असंन रे तिले?"

लकव्यानंतरचं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. किती वेळा अडले, पण सोडलं नाही. खालून सुपरवायझर शिव्या देत होता. मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठं जायची घाई नव्हती.

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. मी पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती.

मोठ्या आईनं माझा हात धरला.
"सेवटपावतर बोलत होते रे," म्हणाली. "माह्याशी बी."

मोठे बाबा, वर्ष झालं.
पुतण्याचा मनापासून रामराम घ्या.